जपानमध्ये हस्तकारागिरी चालू असताना बघायची तर कोणतं लहान शहर? माझं उत्तर: एचिझेन

तुम्ही विचारलंय की टोकियो-क्योटो बघून झालंय, पुढच्या खेपेला एखादं लहान शहर हवंय, जिथे जपानी कारागिरी दुकानाच्या काचेआड न दिसता माणसांच्या हातात चाललेली दिसेल. आणि दहा नावांची यादी नको, एकच सांगा.

एकच सांगायचं तर एचिझेन. फुकुई प्रांतातलं सुमारे ८० हजार वस्तीचं शहर. मी नोकरीनिमित्त नागोयात राहतो, तिथून गाडीने दोन-अडीच तास लागतात. भारतातून कोणी पाहुणा आला आणि क्योटोनंतर त्याला देवळांचा कंटाळा आलेला दिसला, की मी त्याला तिकडे घेऊन जातो.

आधी नावाचा घोळ मिटवू, कारण नकाशावर हमखास गल्लत होते. एचिझेन हे जुन्या परगण्याचं नाव. आज त्या नावाची तीन ठिकाणं आहेत: एचिझेन शहर, एचिझेन गाव आणि दक्षिण एचिझेन गाव, तिन्हींच्या नगरपालिका वेगळ्या. समुद्र, खेकडे आणि एचिझेनची प्रसिद्ध मातीची भांडी हे सगळं गावात. आपल्याला हवं ते शहर २००५ साली ताकेफू आणि इमादाते एकत्र करून झालं. जुनी माणसं अजून ताकेफूच म्हणतात. हजार वर्षांपूर्वी परगण्याचा कारभार इथूनच चालायचा. ‘गेंजी’ची कथा ही जपानची जुनी, गाजलेली कादंबरी लिहिणारी मुरासाकी शिकिबू वडिलांची इथे सुभेदार म्हणून नेमणूक झाली तेव्हा त्यांच्याबरोबर आली आणि साधारण वर्षभर राहिली. इथला बर्फ तिला फारसा मानवला नसावा, तिच्या कवितांवरून तरी तसंच वाटतं. तिच्या नावाची बाग आहे, बागेत सोनेरी पुतळा आहे. वेळ असेल तर बघा, नसेल तर काही बिघडत नाही.

पहिल्या नजरेत शहर अगदीच साधं दिसेल, तेव्हा हिरमुसू नका. पोट भरतं ते मुख्यतः इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या कारखान्यावर. त्या कामासाठी ब्राझीलहून आलेली कुटुंबं इथे इतकी आहेत की पालिकेची माहिती पोर्तुगीजमध्येही मिळते. ‘जुना जपान जसाच्या तसा’ अशी कल्पना मनात असेल तर ती टोकियोलाच ठेवून या. इथे बघायचं ते वेगळं. कागद आणि सुरी हे दोन धंदे कित्येक शतकं एकाच परिसरात टिकलेत, आणि टिकलेत ते गिऱ्हाईक बदलत गेल्यामुळे. एक गिऱ्हाईक गेलं की यांनी दुसरं शोधलं, प्रसंगी मालही बदलला. हे डोक्यात ठेवून फिरलात तर प्रत्येक कारखान्यात काहीतरी सापडेल.

कागदापासून सुरू करा. शहराच्या पूर्वेला डोंगराच्या कुशीत ओताकी, इवामोतो, शिनझाइके, सादातोमो आणि ओइझू ही पाच गावं खेटून आहेत. दरी अरुंद, भातशेतीला जागा नाही, हिवाळ्यात बर्फ. गावातली दंतकथा नेमकी याच अडचणीवर बेतलेली आहे. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी ओढ्याच्या वरच्या अंगाला एक देखणी बाई आली. म्हणाली, तुमच्याकडे जमीन नाही पण पाणी निर्मळ आहे, तेव्हा कागद करा. अंगावरचं वरचं वस्त्र तिने बांबूवर वाळत घातलं आणि कागद कसा करायचा ते शिकवलं. नाव विचारलं तर म्हणाली, ‘मी ओढ्याच्या वरच्या बाजूची.’ तीच कावाकामी गोझेन, कागदाची देवी. जपानभरचे कागदवाले तिला मानतात.

तिचं देऊळ ओताकीत आहे, ओकामोतो-ओताकी. मगाशी देवळांच्या कंटाळ्याबद्दल बोललो, पण हे चुकवू नका. सध्याची वास्तू १८४३ सालची. छप्पर हिनोकी वृक्षाच्या सालीचं, आणि एकावर एक इतक्या कमानी नि उतार चढवलेत की समोरून आणि बाजूने पाहिलं तर दोन वेगळी देवळं वाटावीत. भिंतींवरचं कोरीवकाम जवळ जाऊन बघा. आणि गर्दी? मी गेलो तेव्हा बहुतेक वेळा आम्हीच होतो. अपवाद मे महिन्याच्या ३ ते ५ तारखांचा. तेव्हा उत्सव असतो, डोंगरमाथ्यावरच्या मूळ स्थानातून देवीला खाली आणतात आणि शेवटच्या दिवशी परत पोचवतात.

आता काम कसं चालतं ते. कोझो हे तुतीच्या कुळातलं झुडूप. त्याच्या फांद्यांची साल सोलायची, बाहेरची काळी साल खरवडून काढायची आणि आतली पांढरी साल क्षाराच्या पाण्यात शिजवायची. इथपर्यंत कोणीही समजू शकतो. पुढची पायरी बघायला मात्र थांबाच. शिजलेली साल गार पाण्यात सोडून बायका ओळीने बसतात आणि सालीवरचा एकेक काळा ठिपका, एकेक गाठ बोटांनी वेचून काढतात. हिवाळ्यातही पाणी गारच. हात पाण्याखाली, मान खाली, गप्पा चालू. रसायनाने साल पांढरी करता येते, पण मग तंतू दुबळा होतो. म्हणून वरच्या प्रतीच्या कागदाला आजही हीच वेचणी. आठवडाभर मेहनत कुठे जाते असं विचारलंत तर उत्तर हेच, कागद उचलण्याचं काम त्यामानाने झटपट होतं.

कुटलेला तंतू हौदात जातो आणि त्यात एक बुळबुळीत द्रव मिसळतात. तो येतो तोरोरो-आओई नावाच्या झाडाच्या मुळांतून, आणि हे झाड आपल्या भेंडीच्या अगदी जवळच्या नात्यातलं आहे. भेंडी चिरताना जी तार सुटते तीच इथे कामाची. या चिकामुळे तंतू हौदाच्या तळाशी बसत नाहीत, पाण्यात तरंगत राहतात आणि पाणी चाळणीतून सावकाश गळतं. त्यामुळे कारागिराला चौकट मागेपुढे हलवून तंतू एकमेकांत गुंफायला वेळ मिळतो. उन्हाळ्यात हा चीक लवकर पातळ होतो, म्हणून थंडीतला कागद सरस मानतात. डिसेंबर-जानेवारीत जाणं जमत असेल तर त्यासाठीच जा. बर्फाचे बूट मात्र हवेत.

मला सगळ्यात आवडतो तो यानंतरचा भाग. बांबूच्या बारीक काड्यांच्या चटईवर तयार झालेला ओला कागद उचलून आधीच्या ओल्या कागदावर सरळ ठेवून देतात. मध्ये कापड नाही, काही नाही. एकावर एक शेकडो ओले कागद, त्यावर हळूहळू वजन वाढवत दाब. बघणाऱ्याला वाटतं, आता हा एकसंध लगदा होणार. दुसऱ्या दिवशी त्यातला एकेक कागद कोपऱ्याला धरून अलगद सोलून काढतात आणि फळ्यांवर ब्रशने चिकटवून वाळवतात. माझ्याबरोबरचा प्रत्येक पाहुणा इथे ‘कसं काय?’ विचारतो. लांब तंतू आणि तोच भेंडीच्या कुळातला चीक. आपल्याकडे दौलताबादजवळचा कागजीपुरा किंवा पुण्याच्या शिवाजीनगरची हातकागद संस्था पाहिली असेल तर फरक लगेच कळेल. तिथला कागद सुती चिंध्यांच्या लगद्याचा, इथला झाडाच्या सालीचा. हातात घेतल्यावर हा फार हलका लागतो, पण फाडायला गेलं तर सहज फाटत नाही.

मोठ्या मापाच्या कागदाला चौकट दोघींनी धरावी लागते. सरकत्या दारांना लावायचा कागद साधारण ३ फूट बाय ६ फूट. हौदाच्या दोन बाजूंना दोघी उभ्या, बोलणं नाही, खूण नाही, आणि पाण्याने जड झालेली चौकट एकाच क्षणी कलते. किती वर्षं जोडीने काम करता असं मी एकदा विचारलं होतं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि हसत सुटल्या, आकडा काही सांगितला नाही.

आता गिऱ्हाइकाची गोष्ट. शोगुनांच्या, म्हणजे लष्करी राज्यकर्त्यांच्या काळात सरकारी हुकूम ज्या जाड, पांढऱ्या ‘होशो’ कागदावर निघायचे तो इथला नावाजलेला होता. तोच कागद लाकडी ठशांच्या रंगीत चित्रांनाही चालतो, कारण एकावर एक रंगांचे ठसे घासले तरी तो ताणत नाही की फाटत नाही. इथल्या कोझो-होशोचे कारागीर इवानो इचिबेई, या घराण्यातले नववे, यांना २००० साली सरकारने ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणून मान दिला. त्यांच्या वडिलांनाही तो मिळाला होता. फुकुई संस्थानाने १६६१ साली स्वतःची कागदी नोट काढली ती इथल्या कागदावर. शोगुनांनंतर आलेल्या मेइजी सरकारने १८६८ मध्ये देशभरासाठी नोटा काढल्या, त्यांचाही कागद इथलाच. मग १८७५ मध्ये सरकारने टोकियोत स्वतःचा कागद कारखाना काढला आणि शिकवायला इथलेच कारागीर नेले. नोटेतल्या गडद जलचिन्हाचं तंत्र त्यातूनच पुढे आलं. गावाच्या दृष्टीने हा तोटाच म्हणायचा, आपलीच माणसं नेऊन आपलाच धंदा सरकारने उचलला. गावात मात्र ही गोष्ट अभिमानाने सांगतात.

नोटा गेल्या तर चित्रकार आले. योकोयामा ताइकान आणि शिमोमुरा कानझान यांनी वासेदा विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी एकत्र चित्र काढलं, त्यासाठी लागणारा प्रचंड कागद, चारी बाजूंनी सुमारे ५.४ मीटर, एकसंध, १९२६ मध्ये इथेच झाला. पुढे प्रमाणपत्रं, शेअर सर्टिफिकेटं. २००९ च्या जानेवारीत जपानमध्ये सूचिबद्ध कंपन्यांचे सगळे शेअर डिमॅट झाले आणि ते काम एका झटक्यात बंद पडलं. नव्या फ्लॅटांमध्ये तातामीची, म्हणजे गवती चटयांची पारंपरिक खोली नसते, म्हणून सरकत्या दारांचा कागदही कमी खपतो. आज इथले कारखाने हॉटेलांच्या भिंती, दिवे, साकेच्या बाटल्यांची लेबलं, पुस्तकांची बांधणी, जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्यांचा कागद असं जे येईल ते करतात. काही ठिकाणी यंत्रावरही कागद निघतो, आणि त्याबद्दल कोणी लाजत नाही.

तुम्ही कुठे बघाल? शिनझाइकेत कागदाचं संग्रहालय, शेजारी जुन्या कागदवाल्याच्या घरातलं कार्यशाळेसारखं कलाभवन, आणि जवळच स्वतःच्या हाताने कागद करून बघण्याची जागा, सगळं एकाच रस्त्यावर आहे. कलाभवनात जुन्या पद्धतीने काम चालू असतं, तिथे जास्त वेळ ठेवा. स्वतः कागद करायची जागा मुलं बरोबर असतील तर उत्तम. मोठ्यांना पोस्टकार्ड करण्यात फार रस वाटेल असं नाही. खासगी कारखाने बघायचे तर आधी कळवून वेळ घ्यावी लागते, दारात जाऊन उभं राहू नका. आगाऊ वेळ घ्यायचा व्याप नको असेल तर शरद ऋतूत ‘रिन्यू’ नावाचा उपक्रम असतो. २०१५ पासून चालू आहे. एचिझेन शहर, शेजारचं साबाए आणि एचिझेन गाव इथले कारखाने काही दिवस सगळ्यांसाठी दारं उघडतात.

दुसरा धंदा सुऱ्यांचा. क्योटोचा तलवार घडवणारा चियोझुरू कुनियासू चांगल्या पाण्याच्या शोधात १३३७ साली इथे आला आणि तलवारींबरोबर शेतकऱ्यांना विळे करून देऊ लागला, अशी सुरुवात सांगतात. प्रत्येक तलवारीमागे तो दगडाचा एक राखणदार कुत्रा कोरायचा आणि तळ्यात सोडायचा, या पात्याने कोणाचा जीव जाऊ नये म्हणून. खरं-खोटं कोण जाणे. पण विळ्यांचं खरं आहे. विळे देशभर पोचले ते उरुशी गोळा करणाऱ्यांमुळे. उरुशी म्हणजे जपानी भांड्यांना लावायचा झाडाचा चीक. तो काढणारे लोक या भागातून वर्षातले कित्येक महिने दूरच्या प्रांतांत जायचे, जाताना इथले विळे घेऊन जायचे आणि वाटेत विकायचे. वेगळा फिरता विक्रेता ठेवायची गरजच पडली नाही.

युद्धानंतर कापणी यंत्रांनी विळा संपवला आणि स्वस्त स्टेनलेस सुऱ्यांनी लोहाराची सुरी. १९७९ मध्ये सरकारने इथल्या घडीव पात्यांना पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. जपानात घडीव पात्यांना तो प्रथमच मिळत होता. पण दर्जाने पोट भरत नाही. १९८० च्या दशकात तरुण लोहारांनी फुकुईचेच डिझायनर कावासाकी काझुओ यांना बरोबर घेतलं, सुरीचं रूप बदललं आणि टोकियोला प्रदर्शन मांडलं. मग १९९३ मध्ये सगळ्यांनी मिळून ‘ताकेफू नाइफ व्हिलेज’ ही सामाईक कार्यशाळा उभी केली. एकमेकांचे स्पर्धक असलेल्या लोहारांनी एका छपराखाली यायचं, यंत्रं वाटून वापरायची, ही मला त्या सुऱ्यांपेक्षाही मोठी करामत वाटते. आज जगभरचे खानसामे इथल्या सुऱ्या मागवतात आणि शिकाऊ उमेदवारांत तरुण पोरं दिसतात. आपल्याकडच्या सहकाराचं राजकारण पाहिलेल्या माणसाला हे बघून थोडा हेवाही वाटतो.

आत शिरलात की वरून बघण्यासाठी चालायची जागा आहे, तिथे उभे राहा. खाली भट्टी, यांत्रिक घण, ठिणग्या, कानठळ्या. मऊ लोखंडावर पोलादाची पट्टी ठेवून दोन्ही एकजीव केलेली असतात. पोलाद धारेसाठी, लोखंड म्हणजे पातं तडकू नये यासाठी. इथली खासियत पुढे आहे. पातं पातळ व्हायला लागलं की दोन पाती एकावर एक ठेवून एकदमच घणाखाली घेतात. एकटं पातळ पातं झपाट्याने गार होतं, दोघांची जोडी उष्णता धरून ठेवते, म्हणून कमी तापमानावर, कमी फेऱ्यांत, दोन्ही सारखी पसरतात. लोहार एका हाताने चिमटा फिरवत मधूनच वरचं खाली करतो. हे इतक्या वेगाने होतं की पहिल्यांदा बघताना कळतसुद्धा नाही. नंतर पाणी पाजणं आणि धार. धार लावणारा वेगळा, दांडा बसवणारा वेगळा, असं काम वाटलेलं असतं.

जाता जाता एक सांगतो. जगभरच्या चांगल्या सुऱ्यांवर ‘व्ही-जी टेन’ असं पोलादाचं नाव दिसतं. ते पोलाद काढणारी ताकेफू स्पेशल स्टील ही कंपनी याच शहरातली.

लाकडी कपाटांचा धंदाही इथे जुना आहे. तान्सु गल्लीत दोन-चार दुकानं आहेत, लोखंडी कड्यांवरची बदामाच्या आकाराची नक्षी बघण्यासारखी असते. शेजारच्या साबाएत लाखकाम आणि चष्म्याच्या फ्रेमा. जपानात बनणाऱ्या चष्म्यांच्या फ्रेमांपैकी ९० टक्क्यांहून जास्त त्या पट्ट्यात होतात. दुसरा दिवस हाताशी असेल तर तिकडे जा.

पोचायचं कसं? २०२४ च्या मार्चपासून होकुरिकू शिंकान्सेन ही बुलेट ट्रेन त्सुरुगापर्यंत आली आणि ‘एचिझेन-ताकेफू’ हे नवीन स्टेशन झालं. टोकियोहून गाडी न बदलता येता येतं. क्योटोहून थंडरबर्ड गाडीने त्सुरुगा, तिथे बदलून पुढचंच स्टेशन. नवीन स्टेशन शेतांत आहे, जुनं ताकेफू स्टेशन भर शहरात, दोन्हींमध्ये काही किलोमीटरचं अंतर. बस फार कमी, म्हणून स्टेशनवरून गाडी भाड्याने घ्या. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना घेऊन आलात तर चालतो, आणि गाडी डाव्या बाजूनेच हाकायची असल्याने अवघड जात नाही. हिवाळ्यात मात्र बर्फावर चालवायची सवय नसेल तर टॅक्सीच बरी.

जेवणात एचिझेन सोबा खा, गार शेवया आणि वर किसलेला मुळा. शाकाहारी असाल तर आधीच सांगतो, त्यावर सुक्या माशाचे पापुद्रे असतात आणि रस्साही माशाचाच. वरचे पापुद्रे काढून ठेवता येतील, रश्शाचं काही करता येत नाही. चिवडा-दशम्या जवळ ठेवा. मांसाहारी असाल तर ‘वोल्गा राइस’ म्हणून एक चीज आहे: ऑम्लेटात गुंडाळलेला भात, त्यावर डुकराच्या मांसाचा कटलेट, त्यावर सॉस. भूक असेल तरच मागवा.

खरेदीबद्दल. कागद घेतलात तर गुंडाळी करून कडक नळीत ठेवा. सुरी घ्यायची तर आपल्या स्वयंपाकाला चौकोनी पात्याची ‘नाकिरी’ सगळ्यात सोयीची. मेथी, कोबी, कांदा यांसाठी तिच्यासारखी नाही. पण नारळ, सुरण किंवा मटणाचं हाड तिच्यावर आणू नका, पातळ धार तुटते. त्यांच्यासाठी घरची विळी आणि कोयता आहेतच. घरात सुरी धुऊन तशीच ओट्यावर ठेवायची सवय असेल तर साध्या पोलादाची न घेता स्टेनलेसचं आवरण असलेली मागा, विक्रेते न कुरकुरता दाखवतात. धार लावायचा दगडही तिथेच घ्या आणि कशी लावायची ते दुकानातच करून दाखवायला सांगा. आणि सुरी चेक-इनच्या बॅगेत टाकायची, हातातल्या सामानात राहिली तर विमानतळावरच सोडून यावी लागेल.